वाटेवर कण्हायचे नाही

मे महिन्यात त्या स्वयंपाकघरात उजेड फार सावकाश येत असे. आधी तो दूरच्या दलदलीवर रेंगाळे. तिथली काळ्या पाण्याची डबकी एकामागून एक राखाडी होत, मग दुधाळ, आणि मग आतून कुणी दिवा लावावा तशी फिकट पिवळी. तिथून तो रस्त्याकडेच्या हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या कुंपणावर चढे. त्या दिवसांत कुंपण पांढऱ्या फुलांनी इतके लगडलेले असे, की उजेड बाहेरून येतो आहे की फुलांतूनच पाझरतो आहे, हे क्षणभर कळत नसे. कुंपणावरून तो अंगणातल्या पालथ्या बादलीवर उतरे, ओल्या फरशीवरून खिडकीपर्यंत येई आणि तिथे जरा थबके. परक्याच्या घरात शिरताना माणूस थबकतो तसा. मग फडताळातल्या निळ्या नक्षीच्या बशा एकेक करून जाग्या होत. दाराजवळ टांगलेल्या तीर्थाच्या चिमुकल्या भांड्यात थेंबभर प्रकाश थरथरे. चुलीवरच्या किटलीच्या पोटात सारी खोली वाकडीतिकडी उमटे. चुलीत रात्रीची टर्फ धुमसत असे, आणि दलदलीतून कापून वाळवलेल्या त्या मातीचा निळसर धूर उजेडात पोहत असे.

जार्लथ हे रोज पाहत असे. तिशी ओलांडलेला, अबोल, अविवाहित असा तो तरुण आठवडाभर तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तके लावीत असे. माणसांकडे पाहण्यापेक्षा उजेडाकडे पाहणे त्याला सोपे वाटे, कारण उजेड उलटून आपल्याकडे पाहत नाही.

त्या शनिवारीही तो चहाचा पेला हातात धरून उभा होता. सरकत सरकत उजेड मोरीच्या कडेवर आला, तेव्हा तिथे त्याच्या आईचा हात होता. बोटांनी ती कड इतकी घट्ट धरली होती, की पेरे पांढरी पडली होती. दुसरा हात डाव्या कुशीवर दाबलेला होता.

जार्लथने नजर उचलली आणि किटलीकडे पाहिले.

"बरी आहेस ना, आई?"

मोरीवरचा हात सुटला. "ठणठणीत!" ब्रीजी वळली आणि हसली. "देवाची कृपा."

"पाव खाल्लास?"

"खाल्ला की. तुझ्याआधीच उठले मी. तू खा, आज लांब चालायचंय."

टेबलावर अख्खा सोडा-पाव न कापलेला पडला होता. जार्लथने त्याच्याकडेही पाहिले आणि काही विचारले नाही. आईच्या करड्या घागऱ्याला कमरेशी मोठी टाचणी लावून चुणी घातली होती. ती चुणी नाताळात नव्हती.

"ऐक," ती म्हणाली, "आज मीही येते चालायला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? वाटेवर. इतकी वर्षं तुमच्यासाठी झऱ्यावर सँडविचं घेऊन बसले. एकदा तरी स्वतःच्या पायांनी जाऊन बघते. या वर्षी जमेल असं वाटतं."

या शब्दांतल्या 'या वर्षी' कडे जार्लथने लक्ष दिले नाही. आई चालणार म्हणजे आई बरी आहे, असा सोयीचा अर्थ त्याने काढला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला.

*

त्यांच्या गावातल्या मोडक्या मठापासून संत बेननच्या डोंगरापर्यंत एक वाट जाते. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या त्या मुलखात शेकडो वर्षे यात्रेकरू त्या वाटेने गेले. पुढे दुष्काळ पडले, माणसे बोटींत बसून परदेशी गेली, शेतांच्या भिंती वाटेवर चढल्या आणि वाट बुजली. फादर टूहींनी आपल्या उमेदीच्या काळात ती पुन्हा शोधून काढली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत, गवताखाली सळई टोचून जुने फरसबंद दगड चाचपत, शेतकऱ्यांच्या हातापाया पडत त्यांनी ती उघडली. आता वसंतापासून पानगळीपर्यंत दर शनिवारी तिथून माणसांचा जथा निघतो. फादरांचे गुडघे गेल्यापासून जथा जार्लथ नेत असे.

चारचौघांत ज्याचे तोंड उघडत नसे, तो हे काम कसा करतो, याचे गावाला नवल वाटे. त्याचे उत्तर सोपे होते. वाटेवरचे शब्द ठरलेले होते. मठात मेणबत्ती लावताना काय म्हणायचे, वाटेवरच्या जुन्या थडग्यापाशी काय सांगायचे, झऱ्यावर कोणती प्रार्थना म्हणायची, सारे काही आधीपासून ठरलेले. ठरलेल्या शब्दांच्या आडोशाला लाजाळू माणूस उभा राहू शकतो.

त्या दिवशीही तो मठाच्या छप्पर नसलेल्या दालनात उभा राहिला. समोर गावची काही मंडळी होती, डब्लिनहून आलेला एक घोळका होता आणि सर्वांत मागे आई होती.

"फाटकं ओलांडली की लावून घ्यायची," तो म्हणाला. "मेंढ्यांच्या मागे धावायचं नाही. आणि शेवटचा नियम, जो पंधराशे वर्षांपासून चालत आलाय. या वाटेवर कुणी तक्रार करायची नाही. पाऊस आला, पाय मुरगळला, काटा रुतला, काहीही झालं तरी एकच म्हणायचं..."

"देवाची कृपा!" गावच्या मंडळींनी एका सुरात म्हटले.

"आणि मेलो तर?" पॅकीने विचारले. पॅकी मेंढपाळ होता; अर्धी वाट त्याच्याच कुरणातून जात असे, आणि म्हणून प्रत्येक वेळी टिंगल करण्याचा हक्क आपल्याला आहे असे तो मानी.

"तू मेलास तर आम्ही म्हणू!" मागून कुणीतरी ओरडले. मठाच्या भिंतींतले कावळे उडाले, इतके सगळे हसले. ब्रीजीही हसली.

फक्त एक बाई हसली नाही. तिचे नाव फिलोमीना. निवृत्त होईपर्यंत ती सायकलवरून घरोघरी जाणारी परिचारिका होती. गावातल्या निम्म्या माणसांना तिने जन्मताना पाहिले होते आणि उरलेल्यांना मरताना. सगळे तिला नर्सबाईच म्हणत. हसणाऱ्या घोळक्यात ती ब्रीजीच्या घागऱ्याच्या टाचणीकडे पाहत होती.

*

सुरुवातीला मजा आली. डब्लिनच्या एका बाईचा पाय फळकुटावरून घसरून दलदलीत गुडघ्यापर्यंत गेला. तिने किंचाळायला तोंड उघडले आणि सगळ्यांकडे पाहून मोठ्याने म्हणाली, "देवाची कृपा!" टाळ्या पडल्या. तिचा बूट चिखलातून ओढून काढताना पॅकी म्हणाला, "बाई, या बुटात माझी एक मेंढीही निघेल बघा, गेल्या वर्षीपासून सापडत नाहीये." मग पावसाची एक सर येऊन गेली. जथ्यातून पुन्हा तोच घोष उठला. ओलेत्या माणसांना एकमेकांचा लळा लागतो तसा तो सर्वांना लागला. शहरातली माणसे अशा वेळी सुखी दिसतात, हे जार्लथने अनेकदा पाहिले होते. घरी, कचेरीत ज्यांचे सारे बोलणे कुरकुरीचे असते, त्यांना एक दिवस कुरकूर सोडून देण्याची परवानगी मिळाली की ती हलकी होतात. जार्लथला त्या नियमाचा अभिमान होता.

आई मागे पडत चालली होती.

त्याला ते दिसत होते. वळणावर थांबून तो माणसे मोजी तेव्हा करडा घागरा दर वेळी आधीपेक्षा मागे असे. "सावकाश येते मी," ती हात हलवून सांगे. "फुलं बघतेय!" आणि तो पुढे जाई. फुले होतीही.

डोंगर दिसू लागतो तिथे एक उंच दगडी भिंत आडवी येते. ओलांडण्यासाठी भिंतीतूनच चार लांब दगड पायऱ्यांसारखे बाहेर काढलेले आहेत. सगळे पलीकडे उतरले. शेवटी ब्रीजी आली. तिने पहिल्या दगडावर पाय ठेवला, दुसरा पाय उचलला आणि ती तशीच थांबली. तिचा चेहरा मेणासारखा झाला. वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. दोन्ही हातांनी भिंतीचा माथा धरून ती दगडावर कपाळ टेकून उभी राहिली.

पलीकडचे सगळे वाट पाहू लागले.

"काय म्हणायचं, ब्रीजी?" पॅकीने गमतीने विचारले.

तिने मान वर केली. "देवाची कृपा," ती म्हणाली, अगदी हळू.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! खरोखरच वाजवल्या. "वा, ब्रीजी! याला म्हणतात यात्रेकरू!" जार्लथनेही वाजवल्या. त्याच्या हातांना त्या टाळ्या पुढे कितीतरी दिवस आठवणार होत्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा नर्सबाई भिंतीवरून उलट चढून ब्रीजीच्या बाजूला गेली होती. तिने ब्रीजीच्या खांद्याखाली हात घातला, तिला अलगद वर घेतले, जथ्याच्या बाजूला उतरवले आणि हॉथॉर्नखालच्या दगडावर बसवले. मग ती जार्लथकडे आली.

"तुम्ही व्हा पुढे," तिने इतरांना सांगितले. "झरा समोरच आहे. फादर चहा घेऊन बसलेत. जार्लथ, तू थांब."

लोक गेले. भिंतींमधल्या अरुंद बोळात ती दोघेच राहिली. काही अंतरावर ब्रीजी डोळे मिटून बसली होती.

"कधीपासून आहे हे?"

"काय, नर्सबाई?"

"पोरा, मला वेड पांघरून दाखवू नकोस. तुझी नाळ मी कापलीये."

"ती बरी आहे. दमलीये फक्त. सकाळीच विचारलं मी."

"काय विचारलंस?"

"बरी आहेस ना, म्हणून. रोज विचारतो."

"हं. बरी आहेस *ना*." नर्सबाईने तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. "त्या 'ना'त उत्तर तूच भरून देतोस तिला. तिनं फक्त मान हलवायची. याला विचारणं म्हणत नाहीत, बाळा. याला सही घेणं म्हणतात."

जार्लथचे कान तापले. "तिचा स्वभावच तसा आहे. तिनं आयुष्यात कधी तक्रार केली नाही."

"स्वभाव!" नर्सबाई हसली, पण ते हसू चांगले नव्हते. "शाळेत ही माझ्या शेजारी बसायची. बोटाला सुई टोचली तर अख्खी शाळा डोक्यावर घ्यायची. बाईंना हिची किंकाळी ओळखू यायची. कुठे गेली ती मुलगी? लग्नानंतर सासूनं शिकवलं, पुरुषमाणसांपुढे कण्हायचं नाही. मग तुझ्या बापाला दम्याचा आजार, त्याच्यापुढे हिचं दुखणं काढायचं नाही. आणि आता तू. तुझ्या घरात तर इतकी शांतता लागते, की त्या बाईला धड खोकायचीसुद्धा चोरी!"

"मी तिला कधी काही बोललो नाही."

"तेच म्हणतेय मी."

कुरणात एक कोकरू आईला हाका मारीत होते आणि आई ओ देत होती.

"नर्सबाई," जार्लथ शेवटी म्हणाला, "सोसण्यात काहीतरी मोठं असतं, असं आपल्याला शिकवलंय. या वाटेवरून माणसं अनवाणी गेली. हा नियम पंधराशे वर्षं..."

"सोस की! तुझ्या पायाला फोड आलाय तो तू सोस, मी टाळ्या वाजवते. पण दुसऱ्याच्या सोसण्याचं कौतुक करायला लागलास ना, की आधी बघावं, त्यात आपली सोय किती आहे. घरोघरी हेच बघत आले मी. चुलीपाशी बाई वाकून उभी असते आणि सगळे म्हणतात, आमची आई म्हणजे देवमाणूस, कधी हूं की चूं नाही. ती देवमाणूस म्हणजे तुम्हाला तिला डॉक्टरकडे न्यायला नको!" तिचा आवाज चिरकला. "आणि पंधराशे वर्षांचं म्हणत असशील, तर चल. फादरांनाच विचारू."

*

झरा काटेरी झाडाखाली होता. झाडाच्या फांद्यांना जुन्या चिंध्या बांधलेल्या होत्या. काही उन्हापावसाने इतक्या विटलेल्या, की त्या चिंध्या आहेत की शेवाळ, हे कळू नये. फादर टूही आपल्या खटारा मोटारीचे मागचे दार उघडून चहा ओतत होते. लोक गवतावर बसून सँडविच खात होते. नर्सबाईने ब्रीजीला मोटारीच्या पायरीवर बसवले आणि अंगावर घोंगडी टाकली.

"फादर," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तक्रार न करण्याचा नियम कुणी घातला?"

"संतांनी," डब्लिनची बाई उत्साहाने म्हणाली. "यात्रेच्या पत्रकात छापलंय."

फादरांनी चहाची किटली खाली ठेवली. त्यांचा म्हातारा, तांबूस चेहरा आणखी तांबूस झाला. "फिलोमीना, आता हे कशाला काढतेस?"

"सांगा तुम्ही."

"अगं..." त्यांनी घसा खाकरला. "पहिल्या वर्षी शहरातून एक जथा आणला होता मी. धो धो पाऊस. सगळे रडकुंडीला आलेले, फादर पाय दुखतो, फादर परत चला. मी वैतागून म्हटलं, इथला जुना नियम आहे, तक्रार करायची नाही, देवाची कृपा म्हणायचं. लोक हसले. त्या दिवसाचं निभावलं. पुढच्या वर्षी कुणीतरी तो नियम मलाच सांगितला. मग तो छापून आला. मग..." त्यांनी हात पसरले. "मग मलाही वाटायला लागलं, असेल बुवा जुना."

कुणीच हसले नाही. जार्लथला पायाखालची वाट सरकल्यासारखे झाले. ज्या शब्दाच्या आडोशाला तो इतकी वर्षे उभा होता, तो एका पावसाळी दुपारी वैतागून केलेला विनोद होता!

"आणि जुने यात्रेकरू काय करायचे?" नर्सबाईने विचारले.

फादर झाडाकडे पाहत राहिले. "या चिंध्या त्यांच्याच रिवाजाच्या. इथं यायचं, आपलं दुखणं नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं, आणि मग चिंधी बांधायची. डोळा, पोट, गेलेलं मूल, दारुडा नवरा. तसलं काहीही. म्हाताऱ्या बायका मला सांगायच्या, झऱ्याचा आवाज ऐकू यायचा नाही इतकं लोक रडायचे इथं. रडायलाच यायचे." ते नर्सबाईकडे वळले. "वाट मी उघडली. हे मात्र बुजवलं."

मग पॅकीने टोपी काढली.

"मग मी सुरू करतो," तो म्हणाला. "माझा गुडघा जातो. आणि माझी बायको गेल्यापासून मी जेवण उभ्यानंच करतो, कारण टेबलाशी एकट्यानं बसवत नाही." आपण हे बोललो याचे त्यालाच आश्चर्य वाटलेले दिसले. "बस. एवढंच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डब्लिनच्या बाईने फक्त आपली घडीची खुर्ची सरकवून त्याला जागा केली.

जार्लथ आईसमोर जाऊन उभा राहिला. ठरलेला एकही शब्द त्याच्याजवळ नव्हता. तो ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला. सकाळी मोरीच्या कडेवर आणि कुशीवर पाहिलेले हात आता त्याच्या डोळ्यांसमोर होते. या वेळी त्याने नजर हलवली नाही.

"आई, कुठे दुखतं?"

ब्रीजीचे ओठ सवयीने हलले. 'ठण' एवढा आवाज आला आणि तिथेच थांबला. तिने मुलाकडे पाहिले. त्याला खरेच ऐकायचे आहे का, हे बराच वेळ ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिली.

"इथे," ती म्हणाली आणि डाव्या कुशीवर हात ठेवला. "रात्री त्या अंगावर झोपता येत नाही. खाल्लं की वर येतं. आणि रक्त जातं, राजा. पुष्कळ दिवस झाले." मग, इतकी वर्षे कुणी ऐकला नव्हता असा एक आवाज तिच्या तोंडून निघाला. ती किंकाळी नव्हती, रडणेही नव्हते. माणूस जड ओझे खाली ठेवताना करतो तसा तो कण्हण्याचा आवाज होता. नर्सबाईने तोंड फिरवले.

"मोटार मी चालवते," ती म्हणाली. "फादर, किल्ली द्या. सरळ इस्पितळात."

जार्लथने जथ्याकडे पाहिले. अर्ध्यावर सोडून तो कधी गेला नव्हता. पॅकी उठून उभा राहिला. "जा तू. वाट काय तुझ्या बापाची नाही, माझ्याच कुरणातनं जाते. मी नेतो यांना."

मोटारीत मागच्या बाजूला आईचे डोके त्याच्या खांद्यावर होते. खिडकीबाहेरून भिंती, मेंढ्या, फुले मागे जात होती.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारले. आणि विचारताक्षणी त्याला त्या प्रश्नाची लाज वाटली.

"वाईट मानू नकोस," ब्रीजी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता पण कुठेतरी मोकळा झालेला होता. "तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं, असं म्हणणार होते मी. पण ते खरं नाही. तू ऐकणार नाहीस, असं वाटायचं. मग सांगून ऐकलं गेलं नाही, तर ते जास्त दुखलं असतं."

*

इस्पितळात डॉक्टरांनी काही लपवले नाही. गाठ होती. शस्त्रक्रिया करता येईल, पण काही महिने आधी यायला हवे होते. आता हाती किती लागेल ते आतून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया झाली. ब्रीजी अजून तिथेच आहे. ती आता तक्रार करते. उशी टणक आहे, रस्सा पाणचट आहे, रात्रपाळीची मुलगी दार आपटते, अशी तिची गाऱ्हाणी सुरू झाली की जार्लथ खुर्ची पुढे ओढून बसतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. त्या वेळी खिडकीतला उजेड कुठवर आला आहे, याकडे त्याचे लक्ष नसते.

जून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी मठात पुन्हा जथा जमला. जार्लथ उभा राहिला. मेणबत्ती लावली. फाटकांचे सांगून झाले, मेंढ्यांचे सांगून झाले, आणि गावची मंडळी सवयीने ओठ उघडून वाट पाहू लागली.

"शेवटचा नियम आता नाही," तो म्हणाला. पुढचे शब्द कुणी ठरवून दिलेले नव्हते. "या वाटेवर ज्याला दुखेल त्यानं सांगायचं. आणि शेजारच्यानं थांबायचं. देवाचे आभार मानायला आपल्याला कुणी मना करत नाही. पण माणसाचं कण्हणं झाकायला देवाचं नाव वापरायचं नाही."

वाचकहो, तो त्या मठात जे बोलला, ते आपल्याही घरांना सांगावेसे वाटते. आपल्या चुलीपाशीही कुणीतरी मोरीची कड धरून उभे असते. तिच्या न बोलण्याला आपण सहनशीलता म्हणतो, संस्कार म्हणतो, तिच्या माघारी तिचे गुण गातो. त्याऐवजी ती जिवंत असताना एकदा तिच्यासमोर बसावे आणि 'ना' न लावता विचारावे. उत्तर ऐकण्याचे धैर्य आपल्यात असेल, तरच तिच्यात ते देण्याचे धैर्य येईल. दुखणे लपवणारा माणूस एकटा दोषी नसतो. ते लपून राहावे अशी ज्यांची इच्छा असते, ते सारे त्यात सामील असतात.

"पण नियम का बदलला?" जथ्यातल्या एका नवख्या तरुणाने विचारले. "काही घडलं का?"

नर्सबाईने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. जार्लथने हाताने तिला थांबवले. 'माझ्या लक्षात आलं नाही' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होते. डॉक्टरांना त्याने तेच सांगितले होते, फादरांनाही, आणि रात्री अंथरुणात स्वतःलाही. पण नाताळच्या आदल्या दिवशी आई नळ सोडून न्हाणीघरात रडत होती, तेव्हा तो दाराबाहेर उभा होता. पाण्याच्या आवाजाखालचे ते रडणे त्याने ऐकले होते, आणि पाय न वाजवता तो जिना उतरून खाली गेला होता.

"माझी आई आजारी होती," जार्लथ म्हणाला, "आणि मला ते माहीत होतं."